रेकॉर्डर स्वतःकडे वळवल्यावर: एका छोट्या व्हॉइस रेकॉर्डरचे परीक्षण

हातात मावेल एवढा एक साधा व्हॉइस रेकॉर्डर मी गेले वर्षभर एकाच कामासाठी वापरते आहे: दुसऱ्याला त्याच्या चुका सांगताना मी स्वतः कशी बोलते, हे ऐकण्यासाठी. माझ्या नोकरीचा निम्मा भाग इतरांना सुधारण्याचा आहे. नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे, त्यांचा तास पाहायचा, वहीत टिपणे काढायची आणि तास संपल्यावर त्यांना काय जमले व काय जमले नाही ते सांगायचे, हे काम मी सहा वर्षे करते आहे. त्यासाठी वही, पेन आणि गाठीशी असलेला अनुभव पुरेसा आहे, असे पहिली पाच वर्षे मी मानत होते. सहाव्या वर्षी हे उपकरण आले आणि माझ्या कामाची रीत बदलली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. यात सांगितलेल्या सोयी आज बहुतेक साध्या रेकॉर्डरमध्ये सापडतात. त्यामुळे कोणत्या कंपनीचा घ्यावा यापेक्षा घेतल्यावर त्यातली कोणती सोय चालू ठेवावी आणि कोणती बंद करावी, यावर मी अधिक लिहिणार आहे.

मी तो कशासाठी घेतला, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण तो हेतू चांगला नव्हता. आमच्याकडच्या एका तरुण शिक्षकाला, प्रश्न विचारताना तो पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांनाच उभे करतो, हे मी तीनदा सांगितले आहे अशी माझी खात्री होती. चौथ्या तासालाही तेच दिसले, तेव्हा मी त्याला जरा कडकपणे विचारले की एकच गोष्ट किती वेळा सांगायची. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही मला एकदाही सांगितले नव्हते." मी वही उघडून दाखवली. तीन तारखांखाली तो मुद्दा लिहिलेला होता आणि एका ठिकाणी त्याखाली रेघही ओढलेली होती. त्याने वही पाहिली आणि पुढे काही बोलला नाही. पुढच्या वेळी असा वाद झालाच तर माझ्या हाताशी पुरावा असावा, एवढ्यासाठी मी रेकॉर्डर विकत घेतला. त्याला तसे सांगितले, त्याची संमती घेतली आणि पुढच्या तासानंतरचे आमचे बोलणे मुद्रित केले.

ते बोलणे चौदा मिनिटांचे होते. त्याने कोणत्या सबबी दिल्या ते ऐकायचे, या इराद्याने मी रात्री ते लावले. त्यात तो नऊ वेळा बोलायला लागला होता आणि त्यांपैकी सहा वेळा मी त्याचे वाक्य मध्येच तोडले होते. त्या दिवशीचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला होता, आणि तो मी त्याला सांगितलाच नव्हता. "मागे बोललो तसे जरा लक्ष ठेवा," एवढेच वाक्य त्या जागी होते. म्हणजे वहीत लिहिताना माझ्या मनात जे स्पष्ट झाले होते, ते मी समोरच्याला सांगितलेही आहे, असे माझ्या स्मरणाने परस्पर ठरवून टाकले होते. आधीच्या तीन वेळांचे ध्वनिमुद्रण अर्थातच नाही. पण ही चौदा मिनिटे ऐकल्यावर त्या तीन वेळांबद्दलची माझी खात्री उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. पुरावा म्हणून घेतलेल्या वस्तूने दिलेला पहिला पुरावा माझ्याविरुद्ध होता, आणि तेव्हापासून तिचा उपयोग मी त्याच दिशेने करते आहे.

आता वस्तूकडे येते. स्वतःचा मुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो परका आणि काहीसा पातळ वाटतो, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच यंत्र वाईट आहे असे ठरवतात. दोष यंत्राचा नसतो. आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज आपल्या कानांपर्यंत दोन वाटांनी येतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांच्या वाटेने खालच्या पट्टीचे स्वर अधिक चांगले पोहोचतात, त्यामुळे आपल्याला आपला आवाज भरदार ऐकू येतो. रेकॉर्डरकडे ही दुसरी वाट नसते. त्यात उतरतो तो इतर लोक रोज ऐकतात तो आवाज. फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउझी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या अस्वस्थतेचा विचार करताना आणखी एक कारण पुढे ठेवले होते: जे भाव दाखवण्याची आपली इच्छा नसते, तेही आपल्या आवाजात उतरलेले असतात, आणि ते ऐकून माणूस दचकतो. मला हे कारण पहिल्यापेक्षा अधिक पटते. "सर, एक सांगू का?" हे वाक्य मी मऊपणे म्हणते अशी माझी समजूत होती. मुद्रणात त्या वाक्यात परवानगी मागण्याचा सूर कुठेच नव्हता. निकाल आधीच लागलेला होता आणि आता तो वाचून दाखवायचा बाकी होता, असा तो सूर होता. पहिले दोन आठवडे मी हे ऐकणे टाळत राहिले, हेही नोंदवून ठेवते, कारण जो कोणी या कामासाठी रेकॉर्डर घेईल त्याच्यावर ही वेळ येणार आहे.

आपल्याच बोलण्यात आपल्याला जे ऐकू येत नाही ते यंत्रातून का ऐकू येते, याचे उत्तर मला एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या २००२ च्या संशोधनात सापडले. लोकांना विचारांतल्या वेगवेगळ्या पूर्वग्रहांची वर्णने वाचायला दिली, तेव्हा हे पूर्वग्रह सर्वसाधारण माणसात जितके असतात त्यापेक्षा आपल्यात कमी आहेत, असे बहुतेकांनी सांगितले. स्वतःला सरासरीपेक्षा चांगले समजण्याची प्रवृत्ती माणसात असते, हे समजावून सांगितल्यानंतरही आपण स्वतःला दिलेले गुण बरोबरच आहेत, यावर पुष्कळ जण ठाम राहिले. प्रोनिन यांनी पुढे मांडलेली गोष्ट माझ्या कामाला थेट लागू पडते: स्वतःला तपासताना आपण आपल्या मनातला हेतू पाहतो, आणि दुसऱ्याला तपासताना त्याची कृती पाहतो. माझा हेतू मदत करण्याचा होता, म्हणून माझे बोलणे मला मदतीचे वाटत होते. त्या शिक्षकाचा हेतू मला दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त पुढच्या दोन बाकांकडे वळणारी मान. रेकॉर्डरला माझाही हेतू दिसत नाही. त्याच्या लेखी मीही तेवढीच, जेवढी माझ्या तोंडून बाहेर पडले. या एका बाबतीत तो मला आणि माझ्या सहकाऱ्याला एकाच मापाने मोजतो, आणि या कामासाठी त्याची सगळी उपयुक्तता मला यातच दिसते.

मात्र हे माप यंत्रात जसेच्या तसे तयार मिळत नाही. कारखान्यातून ज्या मांडणीत रेकॉर्डर येतो, ती मांडणी या कामाला घातक आहे, आणि हे कळायला मला तीन महिने लागले.

पहिली गोष्ट आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या सोयीची. ही सोय चालू असली की यंत्र हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते, म्हणजे ऐकणाऱ्याला सगळे एकसारखे स्पष्ट ऐकू येते. भाषण किंवा मुलाखत उतरवून घ्यायची असेल तर ती सोय उत्तम आहे. पण माझ्या मुद्रणांत माझा चढलेला आवाज आणि सहकाऱ्याचा खाली गेलेला आवाज, दोन्ही एकाच पातळीवर ऐकू येत होते, आणि मी समाधानाने म्हणत होते की पाहा, मी कुठे आवाज चढवते! एकदा ही सोय बंद करून पातळी हाताने ठरवली आणि तेव्हा पहिल्यांदा कळले की संभाषणाच्या सातव्या-आठव्या मिनिटाला माझा आवाज चढतो, आणि तो चढला की समोरची व्यक्ती एका शब्दाच्या उत्तरांवर येते. ज्या रेकॉर्डरमध्ये ही सोय बंद करता येत नाही तो या कामासाठी घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन.

दुसरी गोष्ट आवाज आला की मुद्रण सुरू करणाऱ्या आणि शांतता झाली की थांबवणाऱ्या सोयीची. जागा आणि बॅटरी वाचते म्हणून ती आकर्षक वाटते, आणि मीही ती चालू ठेवली होती. परिणाम असा की मुद्रणातल्या सगळ्या शांतता कापल्या जात होत्या, आणि मला तर नेमक्या शांतताच ऐकायला हव्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो, यावर मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती तपासून काम केले, आणि १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही सांगितले जातात. शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबत होते आणि मग प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याकडे वळवत किंवा स्वतःच उत्तर देत. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येत आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटे. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक अधिक थांबत आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी कमी, हेही त्या फितींत दिसले होते. हे निष्कर्ष मी स्वतः नव्या शिक्षकांना गेली कित्येक वर्षे शिकवते. शांतता कापणारी सोय बंद केल्यावर मी माझे थांबणे मोजले. "तुम्हाला काय वाटते, तास कसा झाला?" असे विचारल्यावर मी जेमतेम एक सेकंद थांबत होते आणि त्यानंतर माझेच उत्तर देत होते. ज्या दोन शिक्षकांबद्दल माझे मत आधीपासून चांगले होते, त्यांच्यासमोर मात्र मी सहज तीन-चार सेकंद थांबलेली होते. वर्गातल्या मुलांशी शिक्षकांनी जे करू नये म्हणून मी शिकवत होते, तेच मी त्या शिक्षकांशी करत होते.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. सुरुवातीला मी तो सहकाऱ्याच्या पुढ्यात ठेवत असे, कारण त्याचे शब्द पकडायचे होते, आणि त्यामुळे माझा आवाज दूरचा येत असे. आता तो दोघांच्या मध्ये, सारख्या अंतरावर ठेवते. मुद्रण चालू असल्याचा लाल दिवा बंद करण्याची सोय काही रेकॉर्डरमध्ये असते. ती मी कधीच वापरत नाही. समोरच्याला तो दिवा दिसला पाहिजे.

ऐकण्याच्या सोयींमध्ये वेग बदलण्याची सोय सगळ्यांत उपयोगी आहे, पण तिचा क्रम सांभाळावा लागतो. दीडपट वेगाने ऐकले की वेळ वाचतो, मात्र त्या वेगात प्रत्येकाचाच आवाज घाईचा वाटतो आणि स्वतःची घाई त्यात लपून जाते. म्हणून पहिले ऐकणे मूळ वेगानेच करावे. वेग कमी करून ऐकले की कोणी कोणाचे वाक्य कुठे तोडले हे स्वच्छ दिसते; माझ्या मोजणीत सर्वाधिक मदत यानेच झाली. एखादा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवण्याची सोय आणि बोलणे चालू असताना खूण करून ठेवणारे बटण, या दोन्ही गोष्टींपासून मात्र सावध राहायला हवे. पहिल्या महिन्यात मी ते खुणेचे बटण दाबत असे ते समोरच्याने काही चुकीचे बोलल्यावर. ध्वनिमुद्रण संपले की माझ्याकडे त्याच्या चुकांची तयार यादी असे आणि माझ्या नावावर एकही खूण नसे. आता बोलणे चालू असताना मी त्या बटणाला हात लावत नाही. नंतर ऐकताना खुणा करते, आणि पहिल्या ऐकण्यात फक्त माझ्या वाक्यांवर. दुसऱ्याचे शब्द त्या वेळी कानांवर पडतातच, त्यांतल्या चुकाही कळतात, पण त्या लिहून घ्यायच्या नाहीत असा नियम मी घातला आहे. तो पाळणे कठीण आहे, आणि अजूनही दर वेळी पाळला जातोच असे नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात. बंद खोलीत दोन माणसांचे बोलणे उतरवण्यासाठी १२८ किलोबिट प्रतिसेकंद दराचे एमपी३ मुद्रण पूर्ण पुरेसे आहे. त्यात तासाला साधारण ५८ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ४ गिगाबाइटच्या यंत्रात साठहून अधिक तास मावतात. वेव्ह या आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात सीडीच्या दर्जाने मुद्रण केले तर तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात आणि त्याच यंत्रात जेमतेम सहा तास बसतात; या कामाला त्याची गरज नाही. पंख्याची घरघर कमी करणारी गाळणी चालू ठेवायला हरकत नाही. सेल बराच वेळ बाहेर राहिले की यंत्रातले घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि फाइलींना चुकीची नावे मिळतात, हा एक खरा त्रास आहे.

हे सगळे मोबाइलवर होत नाही का, असे अनेकांनी विचारले. होते, आणि सुरुवात करायची तर मोबाइलनेच करावी. तरी वेगळ्या यंत्राकडे माझा कल आहे, त्याची दोन कारणे आहेत. मोबाइलवर मध्येच फोन किंवा संदेश येतो आणि मग बोलण्याचा धागा तुटतो. त्याहून गंभीर म्हणजे मोबाइलमधल्या फाइली पुष्कळदा आपल्या नकळत इंटरनेटवरच्या साठ्यात जातात, आणि ज्या बोलण्यात दुसऱ्या माणसाच्या उणिवांची चर्चा आहे ते तिथे जाणे मला मुळीच मान्य नाही. बोलण्याचा आपोआप मजकूर करून देणारी ॲप्सही मी वापरून पाहिली. मजकूर वाचायला सोपा असतो, पण सूर त्यात उतरत नाही. "बरं, मग?" हे दोन शब्द कुतूहलाने म्हणता येतात आणि कंटाळूनही, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि वाचताना मी स्वतःच्या वाट्याला नेहमी कुतूहलच देत होते.

वहीशी तुलना करणे मात्र आवश्यक आहे, कारण आत्मपरीक्षणाचे ते जुने आणि सन्मानाचे साधन आहे. अठराव्या शतकातले अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी आपल्या आचरणाची अशी एक छोटी वही आखली होती. प्रत्येक गुणासाठी एक पान, आठवड्याच्या वारांचे सात रकाने, आणि जिथे चूक झाली तिथे काळा ठिपका. एकेक आठवडा एकेका गुणावर विशेष लक्ष द्यायचे. तेरा गुणांची फेरी तेरा आठवड्यांत पुरी होई आणि वर्षातून अशा चार फेऱ्या होत. ही पद्धत मी स्वतः काही काळ केली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्याविषयी फ्रँकलिन यांनीच आपल्या आत्मवृत्तात दिलेली माहिती मला सगळ्यांत मोलाची वाटते: त्यांच्या यादीत आधी बाराच गुण होते. तुम्हाला लोक गर्विष्ठ समजतात, वाद घालताना तुम्ही समोरच्यावर कुरघोडी करता, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने त्यांना प्रेमाने सांगितले आणि उदाहरणे देऊन पटवले, तेव्हा नम्रता हा तेरावा गुण यादीत आला. म्हणजे वहीत ठिपका पडतो तो आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या दोषाचा. जो दोष यादीतच नाही, त्याच्यासाठी तिथे रकाना नसतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी आयुष्यात कितीदा तरी वापरली असेल, आणि आठवून पाहते तर प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कोणाबद्दल बोलताना वापरली होती. वही माझ्याच हातात असते आणि मीच तिच्यात लिहिते. ज्या नजरेला मुसळ दिसत नाही तीच नजर तिथेही काम करते. रेकॉर्डरला यादी नसते. मला ठाऊक असलेले आणि नसलेले दोन्ही त्यात सारखेच उतरते.

दुसऱ्यांना मदत करणाऱ्यांनी स्वतःचे बोलणे मुद्रित करून तपासण्याची ही कल्पना नवी नाही, हे नंतर वाचनात आले तेव्हा मला बरे वाटले. मानसोपचारात कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उपचारांच्या वेळचे संभाषण तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली आणि १९४२ मध्ये अशा एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः संभाषण प्रसिद्ध केले. त्या मुद्रणांचा त्यांनी मांडलेला एक मोठा उपयोग उपचारकाने स्वतःचे तंत्र सुधारण्याचा होता. रुग्ण काय बोलला हे तर ऐकायचेच, पण आपण कुठे सल्ला लादला आणि कुठे त्याचे बोलणे वळवले, तेही ऐकायचे. माझ्या कामात आणि त्या कामात मोठे अंतर आहे, तरी मदत करणाऱ्याची खुर्ची दोन्हीकडे सारखीच असते, आणि त्या खुर्चीवर बसलेल्याला आपण मदतच करतो आहोत असे सतत वाटत असते.

आता या वस्तूच्या धोक्यांविषयी, कारण ते मोठे आहेत. रेकॉर्डरची दिशा एका क्षणात उलटते. मी स्वतःचे बोलणे तपासण्यासाठी मुद्रण करते आहे, असे सांगून संमती घेतल्यावर, पुढे कधी वाद झाला तेव्हा तेच मुद्रण समोरच्याविरुद्ध काढले, तर तो विश्वासघात होईल. हा मोह मला एकदा झाला. एका शिक्षिकेने दुसऱ्यांजवळ माझ्याबद्दल सांगितलेली गोष्ट खरी नव्हती आणि ते सिद्ध करणारे सहा मिनिटांचे मुद्रण माझ्याकडे होते. मी ते कोणालाही ऐकवले नाही, आणि त्याच दिवशी ठरवले की कोणतेही मुद्रण सात दिवसांपेक्षा अधिक ठेवायचे नाही. ऐकायचे, स्वतःबद्दलच्या नोंदी काढायच्या आणि फाइल पुसून टाकायची. संमती दर वेळी नव्याने विचारते, आधी एकदा दिली होती म्हणून गृहीत धरत नाही, आणि कोणी नको म्हटले तर कारण विचारत नाही. ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो त्यांची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न तरीही उरतो, आणि तो कोणत्याही मांडणीने सुटत नाही. म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात मुद्रण संपताच यंत्र मी समोरच्याच्या हाती देते. ठेवायचे की पुसायचे, हे बटण त्याने दाबायचे.

दुसरा धोका अधिक आतला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्याच चुका ऐकून मी इतकी संकोचले की दुसऱ्याची चूक सांगणेच टाळू लागले. माझेच बरोबर नाही, तर मी कोण सांगणार, असे मला वाटे, आणि त्याला मी नम्रता समजत होते. पण त्याच दिवसांत एका वर्गात गणिताची एक रीत सलग दोन तास चुकीची शिकवली गेली आणि मी ती ऐकूनही गप्प राहिले. त्याची झळ माझ्या संकोचाला बसली नाही. ती त्या वर्गातल्या मुलांना बसली. स्वतःला तपासायचे ते पुढे नीट सांगता यावे म्हणून. सांगणेच सोडून दिले तर ते तपासणे स्वतःभोवतीच फिरत राहते. त्यानंतर मी ती चूक त्या शिक्षकाला सांगितली, उशिरा सांगितल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि तेही मुद्रित केले.

तिसरा धोका मी अजूनही अनुभवते आहे. "मी माझे स्वतःचे बोलणे ऐकते" हे वाक्य मी सहकाऱ्यांना सांगू लागले, आणि एकदा मुद्रणात ते ऐकले तेव्हा त्यातला अभिमान लपत नव्हता. ज्यांनी अजून रेकॉर्डर घेतला नाही ते माझ्यापेक्षा कमी प्रामाणिक आहेत, असा त्या वाक्याचा रोख होता. आपण गर्वावर पूर्ण मात केली असे कधी वाटलेच, तर बहुधा आपल्याला आपल्या नम्रतेचा गर्व होईल, असे फ्रँकलिन यांनीही त्या तेराव्या गुणाविषयी लिहून ठेवले आहे. ते वाक्य मी बोलणे सोडले आहे. हे परीक्षण लिहितानाही तोच सूर पुन्हा येतो आहे का, अशी शंका मला दोन-तीन ठिकाणी आली, आणि त्या जागा मी पुन्हा लिहिल्या.

या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या आवाजात किंवा साठवणीत नाही. मुद्रण निष्पक्ष असले तरी ऐकणारा कान माझाच आहे, आणि तो माझ्या बाजूने झुकलेला आहे. पाच महिने मी दर आठवड्याला ऐकत होते, तोडलेली वाक्ये मोजत होते, थांबण्याचे सेकंद मोजत होते आणि आकडे सुधारत होते. मग एके दिवशी, ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले त्याच शिक्षकाला मी विचारले की आपल्या दोघांचे एक मुद्रण तुम्ही ऐकाल का आणि मला काय खटकते ते सांगाल का. त्याने एकदाच ऐकले, मूळ वेगाने, कोणतीही खूण न करता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आता मध्ये तोडत नाही, हे खरे आहे. पण तुम्ही केलेले प्रत्येक कौतुक 'पण'वर संपते. मी तो 'पण' येण्याचीच वाट पाहत असतो, त्यामुळे आधीचे काही ऐकूच येत नाही." मी तो तुकडा लावला. फळ्यावरचे लेखन सुरेख होते, पण. मुले रमली होती, पण. उदाहरण नेमके होते, पण. हा शब्द मी पाच महिने दर आठवड्याला ऐकला होता आणि तो माझ्या कोणत्याही मोजणीत आला नव्हता, कारण ते मोजायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

म्हणून हा रेकॉर्डर घेणाऱ्याला माझे सांगणे इतकेच आहे, की पातळी हाताने ठरवता येणारा, शांतता न कापणारा आणि वेग कमी करता येणारा कोणताही साधा रेकॉर्डर घ्यावा, आणि तो ऐकायला दुसऱ्या कोणाची तरी मदत मागावी, शक्यतो अशा माणसाची, ज्याला आपण आजवर सुधारत आलो आहोत. पुराव्यासाठी रेकॉर्डर हवा असेल त्यांनी दुसरे परीक्षण वाचावे; त्या कामासाठी मी याची शिफारस करणार नाही.

'पण' अजून गेलेला नाही. गेल्या चार मुद्रणांतला मी मोजला आहे: अकरा, नऊ, अकरा, आठ.